‘छान आहे, पण आमचा वाटत नाही’: पाळीव प्राण्यांच्या चित्रातलं हुकलेलं साम्य

कमिशनवर, म्हणजे ग्राहकाच्या मागणीवरून, कुत्र्यामांजरांची चित्रं काढणाऱ्याला एक निरोप ठरलेला असतो: “ताई, चित्र सुंदर झालंय, पण आमचा शेरू नाही वाटत.” बडोद्यात मी हेच काम करते. दांडिया बाजारातल्या मराठी घरातून निरोप येवो की अलकापुरीतल्या गुजराती घरातून, भाषा बदलते, तक्रार तीच. निरोप वाचला की हात आधी ब्रशकडे जातो. जाऊ देऊ नका. साम्य बिघडण्याचं मूळ कॅनव्हासवर कमी आणि कॅनव्हासच्या अलीकडे-पलीकडे जास्त सापडतं: मिळालेल्या फोटोत, तो पाठवण्याच्या पद्धतीत, किंवा तुम्ही चित्राचा फोटो काढलात त्यात. म्हणून खालच्या तपासण्या फुकटच्या आधी आणि महागाच्या नंतर अशा लावल्या आहेत. पहिल्या पाच-सहांमध्ये रंगाचा थेंबही लागत नाही.

लक्षणं

ग्राहकाला नेमकं काय खटकतंय ते बहुधा सांगता येत नाही, पण त्याच्या शब्दांवरून अंदाज बांधता येतो.

“लॅब्रॅडॉर आहे, पण आमचा नाही.” जात जमली, जनावर हुकलं. डोळे आणि नाक यांच्यातलं माप किंवा केसांची वळणं तपासा.

“माणसासारखा बघतोय” किंवा “घाबरलेला वाटतो.” डोळ्यात पांढरं जास्त पडलंय.

“नाक केवढं मोठं झालंय!” फोटो फार जवळून काढलेला आहे.

“फार पिवळा दिसतो”, “राखाडी का झाला?” प्रकाशाची भानगड.

“पांढरा ठिपका त्याच्या दुसऱ्या डोळ्यावर आहे ना?” हे ऐकलं तर आनंद माना, कारण हा दोष एका मिनिटात कळतो.

आणि शेवटचं लक्षण म्हणजे नुसतं “छान” आणि अंगठा, पण उरलेले पैसे येत नाहीत. बडोद्यात लोक तोंडावर वाईट बोलत नाहीत, त्यामुळे हे लक्षण इथे फार आढळतं. दोन दिवस थांबून आपणच विचारावं.

१. ग्राहकाने चित्र पाहिलंय की चित्राचा फोटो?

नव्वद टक्के वेळा फोटो. तोही रात्री, पिवळ्या बल्बखाली, इझलवर (चित्राच्या घोडीवर) तिरक्या ठेवलेल्या कॅनव्हाससमोर उभं राहून काढलेला. कॅनव्हास मागे कललेला असेल तर वरचं टोक आखूड दिसतं, म्हणजे कपाळ चपटं आणि हनुवटी मोठी. ऑइलवर दिव्याची चकाकी पडली की काळ्या केसांच्या जागी पांढरा पट्टा उमटतो.

चित्र भिंतीला सरळ टेकवा, खिडकीजवळ पण थेट उन्हाबाहेर. फोन कॅनव्हासच्या बरोबर मध्यावर, पातळीत धरा. दोन पावलं मागे जाऊन थोडं झूम करून फोटो घ्या. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण नेहमीसारखा पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं आणि त्यात केसांची बारीक रेघ पहिल्यांदा जाते. गावातल्या गावात असाल तर सरळ चित्र दाखवायला न्या. निम्म्या तक्रारी घराच्या दारातच मिटतात, आणि चहा मिळतो तो वेगळाच.

२. फोटो उलटा तर नाही?

पुढच्या कॅमेऱ्याने काढलेली सेल्फी काही फोन आरशासारखी उलटी साठवतात. माणसाच्या चेहऱ्यात ते चटकन कळत नाही. पण एखाद्या देशी कुत्र्याचा एक कान उभा आणि एक पडका असतो, मांजरीच्या नाकाजवळ एकाच बाजूला काळा डाग असतो, आणि घरच्यांना ती बाजू पाठ असते. फोटोत मागे कॅलेंडर, दुकानाची पाटी किंवा कुणाच्या टीशर्टवरची अक्षरं असतील तर ती वाचून बघा. अक्षरं नसतील तर दुसरा कुठलाही जुना फोटो मागवा आणि डाग जुळवा. काम सुरू करण्याआधी हे विचारून घेतलं तर पुढची सगळी तपासणी वाचते.

३. फोटो कधीचा, कुठल्या दिवसांतला?

चित्र फोटोसारखं असतं, पण फोटोतलं जनावर त्या दिवशी नेहमीसारखं नसतं. दिवाळीतला कौटुंबिक फोटो ग्राहक हौसेने पाठवतात. सगळे नटलेले आणि कुत्र्याच्या गळ्यात झेंडूचा हार. पण बाहेर फटाके चालू असतात. कान मागे ओढलेले, डोळ्यांच्या कडेला पांढरी कोर, ओठ ताणलेले. तेच तुम्ही इमानाने रंगवता आणि घरचे म्हणतात, “हा इतका बिचारा नव्हता.” नवरात्रात गरब्याच्या आवाजातले फोटोही असेच.

एप्रिल-मेमधला फोटो वेगळा. जीभ लोंबतेय, डोळे बारीक झालेत, माणसाला वाटतं हसतोय. तो धापा टाकतोय. ज्या घरात कुत्रा दिवसभर फरशीवर शांत पडलेला असतो, तिथे तोंड मिटलेला कुत्राच ‘आपला’ असतो. उन्हाळ्यात पोमेरेनियनचे केस कापून आणतात, तेव्हा तर तो दुसराच प्राणी होतो.

गेलेल्या प्राण्याचं चित्र असेल तर कोणत्या वयातला हवा, हे स्पष्ट विचारा. म्हाताऱ्या कुत्र्याचं तोंड पांढरं झालेलं असतं, बुबुळावर निळसर धूसरपणा आलेला असतो. मुलाला तरुण कुत्रा आठवतो, आजीला शेवटच्या वर्षातला. एकाच घरात दोन उत्तरं येतात. घरच्यांनी ते आपसात मिटवल्याशिवाय रंग कालवू नका. अशा वेळी फोटोपेक्षा व्हिडिओ मागा. त्यात कान कसा हलतो, मान कुठल्या बाजूला कलते हे दिसतं. चालत्या व्हिडिओतून थांबवलेलं चित्र धूसर असलं तरी सवय दाखवतं, आणि साम्य बरंचसं सवयीतच असतं.

४. किती अंतरावरून काढलाय?

सर्वांत जास्त तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून जरा हिशोबाने सांगते.

कुत्र्याच्या नाकापासून डोळ्यांपर्यंतचं अंतर समजा १० सेंटिमीटर आहे. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर नाक ३० वर आणि डोळे ४० वर येतात. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून नाक डोळ्यांच्या मानाने एक तृतीयांश मोठं उमटतं. तोच फोन दोन मीटरवर नेला तर नाक २०० वर, डोळे २१० वर. फरक पाच टक्क्यांचा, कुणाला जाणवणारही नाही. दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. म्हणूनच ‘दोन मीटर लांब उभं राहून झूम करा’ एवढं एक वाक्य मी कमिशन घेताना आधी पाठवते.

लांब नाकाडाचे जे कुत्रे असतात, जर्मन शेफर्डसारखे, त्यांना याचा फटका जास्त. पगचं तोंड चपटं, त्यामुळे तिथे चालून जातं. पर्शियन मांजरीचंही तसंच.

उंचीचाही प्रश्न असतो. माणूस उभा राहून कुत्र्याकडे वरून बघतो. कपाळ रुंद, डोळे वर उचललेले. चित्रकार मात्र जमिनीवर बसून काढलेला, डोळ्याला डोळा भिडणारा फोटो निवडतो, कारण तो चांगला दिसतो. मग मोठ्यांना तो ओळखीचा वाटत नाही आणि घरातलं पाच वर्षांचं पोर मात्र “हाच!” म्हणून नाचतं, कारण ते रोज त्याच उंचीवरून बघतं. पोराचं म्हणणं वाया घालवू नका. वाद झाला तर उंची मधली, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी ठेवा.

फोटो मोठा आणि स्पष्ट करून देणारी अ‍ॅप्स टाळा. ती नसलेले केस स्वतःच्या मनाने भरतात आणि बुबुळात भलतीच चमक घालतात. तुम्ही कुणाचा तरी सरासरी कुत्रा रंगवून बसाल. फोनमधला पोर्ट्रेट मोडही कानांच्या कडांचे केस आणि मिशा पार्श्वभूमीत विरघळवतो.

५. प्रकाशाने रंग बदललाय का?

कॅमेरा सगळं मध्यम राखाडीकडे ओढतो. काळा कुत्रा चौकटभर असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि काळा कुत्रा कोळशाच्या राखेसारखा होतो. पांढऱ्या पोमेरेनियनच्या बाबतीत उलट. तो मळका येतो. गच्चीवर उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधलेली असेल तर पोटाखाली हिरवट झाक, लाल सोफ्यावर बसवला असेल तर हनुवटीखाली लालसर. ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब एकाच खोलीत असतील तर दोन गालांचे दोन रंग.

उपाय स्वस्त आहे. सकाळी खिडकीजवळ, प्राण्याच्या शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून फोटो मागवा. कागद पांढरा दिसेपर्यंत फोटो दुरुस्त करा, मग कुत्र्याचा रंग खरा. प्राणी हयात नसेल तर एकाच प्राण्याचे वेगवेगळ्या दिवसांचे फोटो शेजारी लावा आणि सगळ्यांत समान असलेला रंग धरा.

६. कागदाने झाकून विचारा

आता ग्राहकाला चित्रासमोर बसवा. एका कागदाने डोळ्यांखालचा भाग झाका आणि विचारा, “हा शेरू आहे का?” मग डोळे झाका आणि नाक-तोंड दाखवा. मग डावी बाजू, मग उजवी. “इथे आहे”, “इथे नाही” असं उत्तर लगेच येतं. ‘काय चुकलंय’ हे माणसाला सांगता येत नाही, पण ‘कुठे हरवतोय’ हे बोटाने दाखवता येतं. या एका प्रयोगामुळे आख्खं डोकं पुन्हा रंगवण्याऐवजी भुवईच्या वरची रेघ बदलून भागतं.

घरातले दोघे-तिघे असतील तर प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. एकत्र विचारलं की सगळे काकूंचंच मत देतात.

इथवर येऊनही तक्रार उरली, तर आता चित्राकडे वळा.

७. तीन ठिपक्यांचा त्रिकोण

दोन डोळ्यांचे आतले कोपरे आणि नाकाचा मध्य. फोटोत हा त्रिकोण मोजा, चित्रात मोजा, प्रमाण ताडून बघा. साम्य निम्म्याहून अधिक इथेच ठरतं. कान, छाती, पट्टा हे चुकले तरी ओळख टिकते. त्रिकोण चुकला तर बाकी सगळं बरोबर असून परका दिसतो. चित्राचा सरळ फोटो काढून मूळ फोटोवर अर्धपारदर्शक ठेवला तर फरक डोळ्यांदेखत दिसतो. फोन नको असेल तर दोन्ही उलटे टांगा, म्हणजे मेंदू ‘कुत्रा’ बघणं सोडून आकार बघतो. मोजायला जुनी पद्धतही चालते: एका डोळ्याची रुंदी हे माप धरायचं आणि दोन डोळ्यांमध्ये तसे किती डोळे मावतात ते बघायचं.

८. डोळे

कुत्रा समोर बघत असताना त्याच्या डोळ्यात पांढरं जवळजवळ दिसत नाही. बुबुळाने फट भरलेली असते. आपण माणसांचे चेहरे काढत शिकलेलो असतो, म्हणून हात नकळत दोन्ही बाजूंना पांढरं ठेवतो आणि कुत्रा कारकुनासारखा बघायला लागतो. पांढरं काढा, पापण्यांची काळी कड ठेवा. बहुतेक काम तिथेच होतं.

चमकबिंदू, म्हणजे डोळ्यातला उजेडाचा पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेने हवा आणि लहान हवा. मोठा ठेवला की काचेचा डोळा. हे बघायचं असेल तर लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंग म्युझियममध्ये जा आणि रविवर्म्याच्या चित्रांतले डोळे जवळून बघा. केवढ्याशा ठिपक्यावर नजर उभी केली आहे ते कळेल. तिथे दागिनेच बघत बसाल, मला माहीत आहे.

मांजरीची बाहुली भर उन्हात उभ्या चिरेसारखी होते आणि अंधुक प्रकाशात गोल. संध्याकाळी मांडीवर येऊन बसणारी मांजर घरच्यांना गोल बाहुलीचीच आठवते. दुपारच्या फोटोवरून चीर काढलीत तर ती ‘रागीट’ ठरणार. फ्लॅशच्या फोटोत डोळे हिरवे-पिवळे चमकतात, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्यामागचा चकचकीत थर प्रकाश परत फेकतो. तो रंग बुबुळाचा नव्हे, तो रंगवू नका.

एक बाजूची गोष्ट. फ्लॅश नसलेल्या फोटोतही एकाच डोळ्यात पांढुरकेपणा दिसत असेल आणि प्राणी हयात असेल, तर चित्राचं नंतर बघू. ग्राहकाला तो डोळा पशुवैद्याला दाखवायला सांगा.

९. केसांची दिशा आणि भोवरे

प्रत्येक कुत्र्याच्या छातीवर, गळ्याखाली, कधी मानेच्या मागे केसांचा भोवरा असतो आणि तो प्रत्येकाचा वेगळ्या जागी. रोज कुरवाळणाऱ्या हाताला तो माहीत असतो. केस सगळीकडे वरून खाली ओढत गेलात तर भोवरा जातो आणि त्याबरोबर तो कुत्राही. नाकाच्या वरच्या सपाट भागावर केस अगदी आखूड आणि मागे वळलेले असतात. तिथे लांब रेघा मारल्या तर तोंड फुगतं.

१०. वाळल्यावर रंग बदलला का?

काल जमलेलं आज बिघडलं असेल तर दोष माध्यमाचा. अ‍ॅक्रिलिक ओला असताना त्यातला बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग) दुधाळ असतो, वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून रंग गडद होतो. जलरंग उलट फिका होतो. दोन्हींसाठी आधी कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघा.

ऑइलमध्ये काळा कुत्रा ठिकठिकाणी मातकट, निस्तेज होतो. खालचा थर किंवा स्वस्त बोर्डचं अस्तर तेल शोषून घेतं. कोरड्या जागेवर बोटाने थोडं टर्पेंटाइन लावून बघा. रंग परत उजळला तर रंग शाबूत आहे, फक्त तेल आत गेलंय. जवसाच्या तेलात टर्पेंटाइन मिसळून अगदी पातळ हात फिरवा, दहा मिनिटांनी फडक्याने सगळं पुसून घ्या. पुसलं नाही तर तेच तेल पुढे पिवळं पडतं. पुढच्या वेळी खालच्या थराला आयव्हरी ब्लॅक वापरू नका. तो तेलकट आणि हळू वाळणारा, वरचा थर आधी वाळला की तडे जातात. बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळून काळा करा. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो, आणि त्या काळ्यात निळसर-तपकिरी जीवही असतो. खरा काळा कुत्रा पाठीवर आकाश घेऊन फिरतो आणि उन्हाने शेपटीकडे लालसर झालेला असतो.

११. डोकं पुन्हा रंगवणं

त्रिकोणच चुकला असेल तर दुसरा उपाय नाही. ओलं ऑइल पॅलेट नाइफने खरवडा. वाळलेलं असेल तर बारीक सँडपेपर हलक्या हाताने, मास्क लावून, आणि वरचा थर खालच्यापेक्षा जास्त तेलाचा. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत हे सगळं वाळायला वेळ लागतो. जुलैत दिलेली तारीख ऑगस्टात जाईल, हे ग्राहकाला आधी सांगा.

इथे थांबा

व्हार्निश झालेलं ऑइल असेल आणि साम्य बदलायचं असेल तर वरून रंग लावू नका. नवीन कॅनव्हास घ्या. काही वर्षांपूर्वी दिलेलं चित्र पोपडे सुटलेलं, बुरशी आलेलं किंवा तडकलेलं परत आलं तर स्पिरिट-फडकं घेऊन बसू नका. ते काम चित्र-संरक्षकाचं, म्हणजे खराब झालेली चित्रं जपून दुरुस्त करणाऱ्याचं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभाग आहे, तिथे चौकशी केली की योग्य माणसापर्यंत पोहोचता येतं.

गेलेल्या प्राण्याचा एकच फोटो असेल आणि तोही अल्बमला चिकटलेला, तर तो ओढून काढू नका. फोटो स्टुडिओत अल्बमसकट चांगला स्कॅन करून घ्या. त्याचे पैसे ग्राहकाला वेगळे सांगा.

आणि फोटो, अंतर, त्रिकोण, डोळे सगळं ताडून दोनदा दुरुस्ती झाली, तरी घरचे मान हलवत असतील, तर तिसऱ्यांदा हात लावू नका. प्रत्येक दुरुस्तीत रंग जाड होत जातो आणि तुमची नजर त्या चित्राला सरावते. साहित्याचे पैसे ठेवून बाकी परत करा आणि दुसऱ्या चित्रकाराचं नाव सुचवा. माझ्या करारात हे वाक्य आगाऊ घेतानाच लिहिलेलं असतं, आणि ते वाचून आजवर कुणी काम काढून घेतलेलं नाही.